आधी एक पावसाळा, मग ओटा: कोकणातल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं करताना

रत्नागिरीत आमचं घर जुन्या आळीत आहे. दीड फुटी जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मध्ये माजघर आणि सगळ्यात मागे लांबट, अंधारं स्वयंपाकघर. हे स्वयंपाकघर मी दोनदा केलं. पहिल्यांदा मासिकातली चित्रं बघून केलं. पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर पांढरा रंग, ओट्याखाली एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) कपाटं. दुसऱ्या श्रावणात रंगाला पापुद्रे सुटले आणि सिंकखालचं दार फुगून बिजागरीतच अडकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त डाळीचे डबे उचलून माजघरात नेऊन ठेवले.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा आधी एक अख्खा पावसाळा नुसतं बघितलं. खाली लिहिलंय ते त्यातून आणि नंतर नात्यागोत्यातल्या चार-पाच घरांच्या कामांतून शिकलेलं.

पाणी कुठून येतं ते बघा

जून ते सप्टेंबर एक वही आणि खडू घेऊन भिंतीवर खुणा करायच्या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झड लागते. म्हणून जुनी माणसं त्या बाजूला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायची. ओल कुठे आहे यावरून ती कसली आहे ते बरंचसं कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल तर पाणी जमिनीतून वर चढतंय, कारण जुन्या जोत्यांना ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. वरून खाली ओघळ असेल तर कौल, पन्हळ किंवा दोन छपरांचा कोन बघा. नळाच्या आसपास गोल डाग असेल आणि तो एप्रिलमध्येही तसाच असेल, तर पाइप गळतोय.

शंका राहिली तर दोन फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीतली हवाच दमट आहे आणि तुम्हाला गिलाव्यापेक्षा खिडकीची गरज आहे.

चिपळूणकरांसाठी आणखी एक रेघ. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, त्याआधी २००५ च्या जुलैतही शिरली होती. तुमच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ भिंतीवर मारा आणि सगळा आराखडा त्या रेघेवरून करा. माझ्या मावसबहिणीने ओट्याखाली एकही लाकडी पाट ठेवलेला नाही, सगळे खण कडाप्प्याचे आहेत. विजेची सगळी पॉइंटं रेघेच्या वर आणि खालचं-वरचं सर्किट वेगळं. फ्रिज उचलून ठेवायला पक्का कट्टा आहे. पाणी ओसरल्यावर पाइप लावून धुतलं की झालं, असं ती म्हणते. तिच्या तोंडून ते फार सोपं वाटतं.

घर कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न गवंड्याच्या आधी विचारायचा. कोकणातली बरीच जुनी घरं सामाईक असतात. एक भाऊ इथे, दोन मुंबईत, एक काकू पुण्यात. शहरातल्या घराचं मालमत्ता पत्रक काढा, त्यावर किती नावं आहेत बघा आणि सगळ्यांना काय करणार, खर्च कोण करणार, ते लिहून कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लेखी. आमच्याकडे मोठ्या दिरांनी "करा, करा" म्हटलं आणि गणपतीत आल्यावर "भिंत कोणाला विचारून पाडलीत?" म्हणाले. भिंत पाडलीच नव्हती, कपाट काढलं होतं. तरी दोन आरत्या अबोल्यात गेल्या.

गिलावा, लादी, ओटा, टाइल्स, दारं-खिडक्या बदलणं ही दुरुस्ती समजली जाते आणि साधारणपणे त्याला नगरपरिषदेची परवानगी लागत नाही. भिंत काढणं, छप्पर उंच करणं किंवा स्वयंपाकघर मागे चार फूट वाढवणं याला लागते. खाडीच्या किंवा समुद्राच्या काठावर घर असेल तर सीआरझेडचंही (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचंही) विचारून घ्या.

आणि माजघराची भिंत काढून 'ओपन किचन' करायचं मनात असेल तर जरा थांबा. या घरांत शोभेची भिंत नसते. तुळया, वासे, आढं, सगळ्याचा भार कुठल्या ना कुठल्या भिंतीवर उतरलेला असतो. फारच हवं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई) टाकून चार फुटांची खिडकी-खोबण काढता येते. तेवढ्याने वाढायची सोय होते आणि फोडणीचा ठसकाही पलीकडे जात नाही.

तुळशीचं लग्न ते शिमगा

कामाचा हंगाम एवढाच. पावसाळ्यात गिलावा वाळत नाही. मार्चपासून बरेच मजूर आंब्याच्या बागांत जातात. शिमग्याला पालखी निघाली की मेस्त्री फोन उचलत नाहीत, आणि त्यांनी का उचलावा? मे महिन्यात चाकरमानी घरी येतात, तेव्हा चूल बंद ठेवता येत नाही. म्हणजे दसऱ्याला माप आणि अंदाजपत्रक, दिवाळीत सामानाची यादी, तुळशीचं लग्न झालं की पहिला घण.

घर पाखाडीवर (उतारावरच्या पायऱ्यांच्या वाटेवर) असेल तर सामान डोक्यावरून न्यावं लागतं. वाळू, सिमेंट, ग्रॅनाइटची लादी, सगळ्याची वाहतूक वेगळी धरा. ग्रॅनाइटची दहा फुटी फळी पाखाडीच्या वळणावर वळत नाही, हे आम्हाला फळी पाखाडीत आल्यावर कळलं. दोन तुकड्यांत आणायची आणि सांधा सिंकच्या वा शेगडीच्या मध्यावर येईल असा घ्यायचा, म्हणजे कापलेल्या भागामुळे सांधा लहान राहतो. एकूण अंदाजावर निदान पाचवा हिस्सा जास्त बाजूला ठेवा. जुनी भिंत उघडल्यावर काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही.

चाळीस-पन्नास दिवस पडवीत तात्पुरतं स्वयंपाकघर मांडा: एक टेबल, शेगडी, पाण्याचा पिंप, ताटं धुवायला एक जागा.

छप्पर, मग भिंत

वरून खाली यायचं. फुटकी कौलं बदला, वाशांना टोकदार वस्तूने टोचून बघा. पूर्वी चुलीचा धूर रोज वाशांना लागायचा, काजळी धरायची, किडा कमी लागायचा. गॅस आला आणि ते राखण गेलं. वासे काळे असले तरी आतून पोखरलेले असू शकतात. वाळवीचं औषध या टप्प्यावरच मारून घ्या, कपाटं बसल्यावर ते जमत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कौलं आणि पत्रे उडाले. त्या पट्ट्यात असाल तर कोनवासे आणि भिंत यांची पकड याच वेळी बघून घ्या.

आता भिंत. जांभा सच्छिद्र दगड आहे. पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुना चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो, घट्ट सिमेंट देत नाही. मग अडकलेलं पाणी आतल्या क्षारांसकट बाहेर यायला बघतं, भिंतीला मीठ फुटतं आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. आमच्या पहिल्या कामात नेमकं हेच झालं होतं. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळाला तर सोन्याहून पिवळं. नसेल तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा नरम माल घ्या आणि वर पुट्टी व ऑइलपेंट टाळून चुन्याचा किंवा श्वास घेणारा रंग द्या. टाइल्स ओट्याच्या वर दोन फूट पुरे. छतापर्यंत टाइल्स लावल्या की ओल वर सरकते आणि टाइल्सच्या वरच्या कडेला रांगेने फुटते.

वाळू कुठली आहे ते विचारा. खाडीची वाळू न धुता वापरली तर मीठ तुम्हीच भिंतीत भरता. आमचे म्हातारे गवंडी ट्रॉली उतरताना चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचे आणि थुंकायचे. खारट लागली की ट्रॉली परत.

दुसऱ्या वेळचे मेस्त्री आले त्यांनी बोलण्याआधी ओळंबा सोडला, मग कोपऱ्यात गुण्या लावला आणि म्हणाले, "वहिनी, ही भिंत गुण्यात नाय." दहा फुटांत पावणेदोन इंच फरक निघाला. तुम्हालाही घरी बघता येईल: कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात. जास्त-कमी आलं तर दुकानातली तयार मॉड्युलर कपाटं तुमच्या घरात नीट बसणार नाहीत. जुन्या घरात सुताराने जागेवर बनवलेलं कपाटच बरं, आणि माप टाइल्स बसल्यानंतर घ्यायचं, तळाशी, मध्ये आणि वर, असं तीन ठिकाणी.

वर टांगायच्या कपाटांबद्दल सावध राहा. जांभ्यात साधे रावळप्लग (स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या गुट्ट्या) धरत नाहीत, जांभ्याचा चिरा भुगा होऊन सुटतो, आणि दोन चिऱ्यांमधल्या चुन्याच्या दर्जेत तर खिळाही हलतो. एक तर भिंत आरपार भेदून मागे पट्टी लावून बोल्ट कसा, किंवा कपाटाला खालपर्यंत पाय द्या. मी पाय दिले. भरल्या बरण्यांचं वजन भिंतीच्या भरवशावर सोडायचं धाडस होत नाही.

वायर, पाणी, गॅस

चिऱ्यात वायरीसाठी खाच मारली की कडा फुटतात, म्हणून बाहेरून पीव्हीसी केसिंग-पट्टी लावणं उत्तम. दिसायला जरा कमी, पण दुरुस्तीला सोपं. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, मिक्सर-फ्रिज-ओव्हनच्या १६ अँपिअरच्या पॉइंटांना अडीचची, इंडक्शनला स्वतंत्र चारची. इंडक्शन दोन हजार वॅटचं म्हणजे जवळपास नऊ अँपिअर खेचतं, ते जुन्या कापडी वायरीवर चालवू नका. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारी कळ) बसवाच, ओल्या हातांच्या खोलीत तिच्याशिवाय चालणार नाही. अर्थिंग उन्हाळ्यात मोजून घ्या. जांभ्याची जमीन मेमध्ये कोरडी ठणठणीत होते, तेव्हा अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात पाणी घालायला नळी ठेवा.

सिंकची पाइप दोन इंची, उतार चाळीस फुटांना एक फूट या हिशेबाने, आणि वळण कमीत कमी. हे सांडपाणी संडासच्या टाकीत सोडू नका. आधी तेल-खरकटं अडवायला झाकणाची छोटी कुंडी, मग केळी आणि अळवाकडे.

टाकी माळ्यावर असेल आणि नळापासून जेमतेम दोन मीटर उंच असेल तर दुकानातले शॉवरसारखे फॅन्सी नळ धार देत नाहीत. कमी दाबावर चालणारा साधा नळ घ्या. विहिरीच्या पाण्याचं टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मान्य मर्यादा आहे. त्याच्या खूप खाली असेल आणि पाण्याचा नमुना तपासून इतर दोष नसेल तर आरओ लागत नाही, यूव्ही पुरतो. खाडीजवळ विहीर मचूळ होते, तिथे गोष्ट वेगळी.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून ज्या कपाटात सिलिंडर ठेवाल त्याला तळाशी जाळी हवी, आणि शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीवर हवी. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांत बदला. सिलिंडर मागच्या पडवीत ठेवायचा असेल तर भिंतीतून जाणारी नळी धातूची, अधिकृत माणसाकडून.

ओटा

आता मजेचा भाग. जमिनीवर खडूने ओटा आखा. जुन्या पेट्या, टेबलं मांडून एक आठवडा तिथेच स्वयंपाक केल्यासारखं वावरा. उंची ठरवायला उभं राहून कोपर वाकवा, कोपराच्या खाली चार इंच ही ओट्याची पातळी. बहुतेकींना ती ३२ ते ३४ इंच येते. सासूबाईंची ३० आली. आम्ही शेवटचा तीन फुटांचा तुकडा दोन इंच खाली उतरवला, कणीक मळायला.

शेगडी पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ज्योत फडफडते आणि झडीत ओटा भिजतो. खिडकी शेगडीच्या बगलेला असावी. चिमणीची नळी कौलांतून वर काढू नका, ते भोक कधीच पक्कं बंद होत नाही. उत्तर किंवा पूर्व भिंतीतून आडवी काढा आणि बाहेर खाली वळलेलं झापड लावा.

दगड निवडताना दुकानातून वीतभर नमुना मागून घ्या. त्यावर कोकम आगळाचा एक थेंब, लिंबाचा एक, हळदीचं तेल एक, असं रात्रभर ठेवा. मी चार दगड असे मांडले होते. सकाळी कडाप्पा आणि संगमरवर दोघांवरही आगळाच्या जागी बोटाला खरखर लागली, कारण दोन्ही चुनखडीचे, आंबटाने खाल्ले जातात. पांढऱ्या क्वार्ट्‌झवर हळदीचं पिवळं वर्तुळ उरलं. काळ्या ग्रॅनाइटवर काही दिसलं नाही. सोलकढी करणाऱ्या घराला मी दुसरं काही सुचवणार नाही. फळीच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी कडेवरून आत न ओघळता तिथेच टपकतं.

घावनं, आंबोळ्या करणाऱ्यांनी काचेच्या हॉबचा (ओट्यात बसवायच्या शेगडीचा) मोह धरू नये. बिडाचा तवा आणि गणपतीतलं मोदकपात्र त्याच्यावर ठेवताना दर वेळी जीव खालीवर होतो. ओट्याचा तेवढा भाग चार इंच खाली उतरवून साधी स्टीलची दोन बर्नरची शेगडी ठेवली की पातेल्याची उंचीही बेताची राहते.

ओट्याखाली दोन फूट रुंद जागा मोकळी सोडा. तिथे पाट आणि विळी. खोबरं खाली बसूनच खवलं जातं. आणि मासे ओट्यावरच्या सिंकमध्ये साफ करायचेच नाहीत. मागच्या पडवीत फूटभर उंचीची मोरी, वर नळ, शहाबादी लादी, मांजराच्या नजरेआड. आमच्या सगळ्या खर्चात ही मोरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुवा मिळवणारी. बांगडे आणल्यावर आता घराला दोन दिवस वास राहत नाही.

कपाटं आणि बेगमी

प्लायवुड घ्यायचंच तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय, आणि कापलेल्या सगळ्या कडा सीलबंद. आयएस ३०३ चं प्लाय वरच्या कपाटांना चालेल. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या हवेत नको. अ‍ॅल्युमिनियमची चौकट किंवा घरातलीच जुनी सागवानी, फणसाची दारं कापून केलेली झडपं सगळ्यात टिकाऊ. माझी तीन दारं पूर्वी माजघराची खिडकी होती.

बिजागऱ्या, स्क्रू, टोपल्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो त्याने काही सिद्ध होत नाही, २०२ ग्रेडलाही चुंबक लागत नाही आणि तेच खाऱ्या वाऱ्यात डागाळतं. अगदी समुद्रासमोर असाल तर ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला जास्त दाद देत नाही.

आगोटीची (पावसाळ्याआधी भरून ठेवायची) बेगमी कुठे राहणार ते आधीच ठरवा. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, लोणच्याच्या बरण्या एका जाळीच्या दाराच्या कपाटात, पूर्वेच्या भिंतीला. सोडे आणि सुके बोंबील वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्यावर. बंद कपाटात जुलैत बुरशी धरते, म्हणून प्रत्येक दाराला वर-खाली हवेची फट हवी.

हिशेब मिटवताना

गिलावा झाल्यावर आठवडाभर पाणी मारलंय का ते स्वतः बघा. पाइप आणि वायरी झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत मोजपट्टी लावलेली असू द्या, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप फुटत नाही. ठेक्याचा शेवटचा दहावा हिस्सा मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून जाईपर्यंत हातात ठेवा आणि काम सुरू होतानाच तसं सांगा, नंतर सांगितलं की भांडण. त्या पावसात रात्री टॉर्च घेऊन कौलांचे कोन, चिमणीच्या नळीची कड, खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा आणि सिंकखालची पाइप, एवढं बघून घ्या. आमच्याकडे खिडकीच्या कोपऱ्यात एक थेंब मिळाला होता. मेस्त्री सकाळी चिखलातून आले, थोडा चुना मळला, खाच भरली आणि उरलेले पैसे घेऊन चहा पिऊन गेले.